ईआयएचा गॅस स्टोरेज रिपोर्ट: फुकट आहे, पण वाचायला शिकावं लागतं

नैसर्गिक गॅसच्या मार्केटवर पैसे घेऊन सल्ले देणाऱ्या सर्व्हिसेस ढिगाने आहेत, पण मला विचाराल तर आधी अमेरिकेच्या एनर्जी इन्फर्मेशन ॲडमिनिस्ट्रेशनचा म्हणजे ईआयएचा दर आठवड्याचा स्टोरेज रिपोर्ट नीट वाचायला शिका. एक पैसा लागत नाही, लॉगिन नाही, काही नाही. दर गुरुवारी तिकडच्या ईस्टर्न टाइमने सकाळी साडेदहाला येतो, सुट्टीबिट्टी असली तर दिवस पुढेमागे होतो एवढंच. आधी हे काम अमेरिकन गॅस असोसिएशन करायची, 2002 पासून ईआयए करते.

दिसायला अगदी साधा. एक टेबल, एक ग्राफ, खाली दोन-चार ओळी. अलास्का-हवाई सोडून बाकीच्या 48 राज्यांत जमिनीखाली आधीच्या शुक्रवारपर्यंत किती गॅस साठलाय, आठवड्यात किती वाढला किंवा घटला, सगळं बीसीएफमध्ये म्हणजे अब्ज घनफुटांत, आणि शेजारी गेल्या वर्षीचा न् पाच वर्षांच्या सरासरीचा आकडा.

पण एवढ्याशा टेबलात अख्खी सप्लाय चेन येऊन बसते. बघा ना, विहिरीतून निघणारा गॅस बऱ्यापैकी एका गतीने निघत राहतो, वापर मात्र कडाक्याची थंडी पडली की एकदम उसळतो. आणि गॅस काही तेलासारखा टाकीत भरून ठेवता येत नाही, एकतर पाइपलाइन पाहिजे नाहीतर उणे 162 डिग्रीपर्यंत गार करून एलएनजी म्हणजे द्रवरूप गॅस करायचा, तेव्हा कुठे तो साधारण सहाशेपट कमी जागेत मावतो, आणि तसला प्लांट उभा करायला कित्येक वर्षं जातात. मग साधारण एप्रिल ते ऑक्टोबर जमिनीत भरायचा, नोव्हेंबर ते मार्च काढायचा. भरतानाचा भाव आणि काढतानाचा भाव यातला फरक हीच साठवणाऱ्याची कमाई. म्हणजे उत्पादन, हवामान, वीजनिर्मिती, निर्यात या सगळ्याची बेरीज-वजाबाकी होऊन जे उरतं ते त्या एका आकड्यात दिसतं, म्हणून साडेदहा वाजता भाव असा हलतो.

नवीन लोक इथेच फसतात. साठा वाढला की भाव पडणार असं धरून चालतात. अहो, उन्हाळ्यात साठा वाढणारच! बघायचं असतं ते अंदाजापेक्षा किती वाढला. बाजाराने 80 बीसीएफ धरले होते आणि 95 आले तर गॅस वाटला त्यापेक्षा ढिला म्हणजे जास्त आहे, 65 आले तर टाइट म्हणजे कमी आहे, साठा दोन्ही वेळा वाढलेलाच असतो. थंडीतही तेच. 2018 च्या जानेवारीत एकाच आठवड्यात 359 बीसीएफ बाहेर काढला गेला, एवढा मोठा आकडा का आला हे कळायला त्या आठवड्यातली थंडी माहीत असावी लागते.

या रिपोर्टची खरी किंमत कळते ती 2022 च्या फ्रीपोर्टच्या प्रकरणात. 8 जूनला टेक्सासमधल्या त्या एलएनजी टर्मिनलला आग लागली आणि दिवसाला जवळजवळ 2 बीसीएफ गॅस बाहेर जायचा बंद झाला. युरोपात गॅसची आधीच मारामार, तिथे भाव वर गेला. अमेरिकेत मात्र हेन्री हबचा भाव (तिकडे गॅसचा मुख्य भाव हाच धरतात, दर दहा लाख बीटीयू म्हणजे उष्णतेच्या एककामागे), जो 9 डॉलरच्या आसपास होता, महिनाअखेर साडेपाचच्या आसपास आला. गॅस तोच, पण बाहेर पडायचं दार बंद झाल्यावर आत तो साठायला लागला, आठवड्याला 14 बीसीएफच्या आसपास जास्तीचा. एलएनजीमुळे गॅस आता ग्लोबल झाला असं सगळे म्हणतात ते खरं, पण टर्मिनलची कपॅसिटी असेल तेवढाच ग्लोबल. हे मला कुठल्या लेखापेक्षा त्या वर्षीचे रिपोर्ट ओळीने लावून जास्त नीट समजलं.

आता टेबलात नजर कुठे ठेवायची ते सांगतो. साउथ सेंट्रल रीजनच्या (टेक्सास आणि आजूबाजूची राज्यं) खाली सॉल्ट आणि नॉनसॉल्ट अशा दोन ओळी आहेत, त्यातली सॉल्टची आधी बघा. मिठाच्या थरात पोकळी करून केलेला साठा पटापट भरता-काढता येतो, रिकाम्या झालेल्या जुन्या गॅसफील्डमधला तसा येत नाही, तिथे संथ कारभार. त्यामुळे काही दिवसांचा ताण असला तरी तो सॉल्टमध्ये लगेच उमटतो. दुसरं म्हणजे नेट चेंज (साठ्याच्या आकड्यातला बदल) आणि इम्प्लाइड फ्लो (प्रत्यक्षात आत-बाहेर झालेला गॅस) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जमिनीखालचा सगळा गॅस विकायचा नसतो, काही कायम आत ठेवावा लागतो दाब टिकवायला, त्याला बेस गॅस म्हणतात, बाकीचा काढता येणारा तो वर्किंग गॅस, रिपोर्टमध्ये तोच मोजतात, आणि कंपनीने कागदावर वर्किंगमधला गॅस बेसमध्ये टाकला तर आकडा घटतो पण प्रत्यक्षात एक घनफूटही गॅस हललेला नसतो. 2021 च्या जूनमध्ये पॅसिफिक रीजनमध्ये 51 बीसीएफचं असं रीक्लासिफिकेशन झालं होतं. खालची टीप न वाचता नुसता वरचा आकडा घेतला असता तर त्या आठवड्याचा हिशोब पार चुकला असता, त्यामुळे टीप वाचाच.

कमी कुठे पडतो? पहिली गोष्ट, हा सॅम्पल सर्व्हे आहे, छोट्या साठ्यांचा अंदाज धरतात आणि नंतर रिव्हिजन येतात. दुसरी गोष्ट मला जास्त खटकते, पाचच रीजन आहेत आणि ते फार मोठे आहेत. वेस्ट टेक्सासमधल्या वाहा हबचा (हब म्हणजे पाइपलाइन एकत्र येतात आणि गॅसची खरेदी-विक्री होते ती जागा) भाव 2024 मध्ये कित्येक दिवस शून्याच्या खाली होता, म्हणजे गॅस घेऊन जा आणि वर पैसेही घ्या अशी अवस्था, कारण तिथे तेलासोबत गॅस निघतोच आणि तेल काढणारे काही गॅससाठी थांबत नाहीत, न्यायला पाइपलाइन मात्र अपुऱ्या. हे सगळं या रिपोर्टमध्ये कुठेच दिसत नाही, देशाचा एकूण आकडा शांतच दिसतो. त्यासाठी हबचे भाव वेगळे बघावे लागतात.

युरोपचं बघायचं असेल तर गॅस इन्फ्रास्ट्रक्चर युरोपची एजीएसआय साइट आहे, तीही फुकट, आणि रोज अपडेट होते, एकेका साठ्याचा आकडा दिसतो. 2021 च्या शरद ऋतूत जर्मनीतला रेडेनचा मोठा साठा जवळपास रिकामा आहे हे तिथे कुणालाही दिसत होतं. फक्त तिथल्या टक्केवारीवर लगेच विसंबू नका, 90 टक्के भरलेला साठा किती दिवस पुरेल हे वापरावर ठरतं.

ज्यांना याच्यावर ट्रेडिंग करायचंय त्यांना एकच विनंती, फक्त रिपोर्ट वाचून उडी मारू नका. 2006 मध्ये ॲमरंथ नावाच्या हेज फंडाचे 6 अब्ज डॉलरपेक्षा जास्त याच गॅसमध्ये बुडाले, मोठा डाव मार्च आणि एप्रिलच्या भावातल्या फरकावर होता, म्हणजे थंडी संपताना साठा उरेल की नाही यावर. त्यांच्याकडे माहिती काही कमी नव्हती.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या मोठ्या रीजनसाठी कापला. पेजवरच 2010 पासूनच्या सगळ्या आठवड्यांची एक्सेल फाइल आहे, ती डाउनलोड करा, सॉल्टचा कॉलम वेगळा काढून ग्राफ करा आणि टेक्सासमध्ये कडाक्याची थंडी पडली तो 2021 चा फेब्रुवारी बघा.