एकात्मिक मालवाहतूक सेवा : वर्षभराच्या वापरानंतर

पुरवठादाराच्या दारापासून आमच्या गोदामापर्यंतची रस्ता, रेल्वे आणि समुद्र अशी सगळी वाहतूक एकाच करारात देणारी आणि तिची माहिती एकाच पडद्यावर दाखवणारी एक सेवा आम्ही वर्षभर वापरली. आलेला माल उतरवून घेण्याची जबाबदारी माझ्याकडे असल्याने तिचे गुणदोष मला रोज जवळून पाहायला मिळाले.

समुद्रावरच्या टप्प्यात ही सेवा खरोखर उत्तम आहे. चार अक्षरे, सहा अंक आणि शेवटी एक पडताळणी अंक, असा कंटेनरचा क्रमांक जगभर एकाच पद्धतीने लिहिला जात असल्याने वाटेत जहाज बदलले तरी नोंद तुटत नाही. बुकिंग, जुलै 2016 पासून सक्तीचे झालेले कंटेनरचे पडताळलेले वजन आणि बिल ऑफ लेडिंगचा (जहाज कंपनीने माल वाहतुकीसाठी घेतल्याच्या दस्तऐवजाचा) मसुदा पुरवठादाराला एकाच ठिकाणी भरता येतो आणि आम्हाला तो लगेच तपासता येतो.

अडचण येते ती माल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना. एकदा पडद्यावर ‘पोहोचला’ अशी नोंद पाहून मी ट्रेलर पाठवला, उतरवणीसाठी माणसे थांबवून ठेवली, आणि दुपारी कळले की जहाज धक्क्याला लागले आहे, आमचा कंटेनर मात्र अजून जहाजावरच आहे. जहाज लागणे, कंटेनर यार्डात उतरणे, सीमाशुल्काची परवानगी मिळणे आणि बंदराच्या फाटकातून कंटेनर बाहेर पडणे या चार निरनिराळ्या घटना असून त्यांच्यात कधीकधी काही दिवसांचे अंतर पडते. गोदामाचे नियोजन चौथ्या घटनेवर चालते आणि ही सेवा पहिलीच कळवते. उलट बाजूचा घोळही तितकाच महागात पडतो, कारण उतरलेला कंटेनर मोफत मुदतीत उचलला नाही तर डिमरेज, म्हणजे बंदरात पडून राहिल्याचे शुल्क, लागते आणि रिकामा कंटेनर वेळेत परत गेला नाही तर डिटेन्शन, म्हणजे तो अडकवून ठेवल्याचे शुल्क.

दुसरी उणीव मला अधिक गंभीर वाटते. आमचा खरेदी विभाग ऑर्डर क्रमांकाने शोधतो, गोदाम पॅलेटवरच्या 18 अंकी लेबलने आणि वाहतूकदार कंटेनर क्रमांकाने, पण या सेवेत एका कंटेनरला एकच ऑर्डर जोडता येते. पाच ऑर्डरींचा माल एकत्र भरलेला असला की उत्पादन ज्या सुट्या भागासाठी अडले आहे तो नेमका कुठे आहे, हे आजही मला पॅकिंग लिस्ट एकेक करून उघडूनच शोधावे लागते. ट्रकचालकांकडून फोनवर मिळणारी माहिती उशिरा नोंदली जाते, हा दोष एकट्या या सेवेचा नाही, हे मान्य केले पाहिजे. ऑर्डर जोडण्याची सोय मात्र पूर्णपणे तिच्या हातात आहे.

पूर्ण कंटेनर एकाच ऑर्डरचा असेल त्यांनी ही सेवा जरूर घ्यावी. मिश्र माल मागवणाऱ्यांनी करारापूर्वी आपलाच एखादा जुना कंटेनर, त्यातल्या सर्व ऑर्डरींसह आणि फाटकाबाहेर पडल्याच्या वेळेसह, पडद्यावर दाखवायला सांगावा. आम्ही नव्या करारात फक्त समुद्राचा टप्पा तिच्याकडे ठेवला आहे.