कोनानेची पाटी, दोन चित्रपुस्तकं आणि बांबूचे ठसे: हवाईतल्या मुलांसाठी केलेल्या वस्तूंबद्दल

होनोलुलूत ‘हवाईयन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंचे सरळ दोन भाग पडतात. काही पाहुण्यांनी बॅगेत घालून न्यायला केलेल्या असतात, आणि काही इथल्या मुलांच्या हातात पडाव्यात म्हणून. पहिल्या प्रकारच्या वस्तू वाइकीकीत पावलोपावली मिळतात. दुसऱ्या प्रकारच्या शोधाव्या लागतात: शाळांचे मेळे, कारागिरांचे बाजार, संग्रहालयांची दुकानं. माझी लेक इथल्या सरकारी शाळेत हवाईयन माध्यमाच्या वर्गात शिकते, त्यामुळे हा शोध आमच्या घरी चालूच असतो. ओळखीचे लोक इकडे आले की मुलांसाठी काय न्यावं असं हमखास विचारतात, म्हणून अलीकडे घेतलेल्या तीन गोष्टींबद्दल जरा मोकळेपणाने लिहिते.

सगळ्यात आधी कोनाने, कारण पैसे पुरेपूर वसूल झाले ते तिथेच.

कोनाने हा हवाईचा जुना पटावरचा खेळ. पाटीला पापामू म्हणतात, आणि तिच्यावर ओळीने खळगे असतात. काळे-पांढरे खडे एकाआड एक मांडून सगळी पाटी भरायची. पूर्वी काळे खडे लाव्हाच्या दगडाचे असत आणि पांढरे पोवळ्याचे. सुरुवातीला मधला एक काळा खडा उचलायचा, मग दुसऱ्या खेळाडूने त्याला लागून असलेला एक पांढरा. त्यानंतर प्रत्येक चाल म्हणजे उडी: शेजारच्या विरुद्ध रंगाच्या खड्यावरून पलीकडच्या रिकाम्या खळग्यात जायचं आणि तो खडा बाहेर काढायचा. तिरकं जाता येत नाही. एकाच दिशेत सलग उड्या मारता येतात, मध्येच वळता येत नाही. ज्याच्याकडे चाल उरत नाही तो हरला.

नियम एवढेच, पण खेळ भलताच खोल आहे. नवशिक्याला वाटतं की जास्त खडे मारले की जिंकलो. प्रत्यक्षात खडे मोजायचेच नसतात, उरलेल्या चाली मोजायच्या असतात. जो खेळाडू एखादी उडी कोपऱ्यात सुरक्षित राखून ठेवतो, जिथे समोरच्याचा हात पोचत नाही, तो शेवटी तग धरतो. त्यामुळे संधी दिसली तरी हाव आवरावी लागते. सहा-सात वर्षांच्या मुलाला हे दोन-चार डावांत आपोआप कळतं, सांगावं लागत नाही.

आमचा संच एका स्थानिक सुताराने केलेला आहे. आठ बाय आठची लाकडी पाटी, चौसष्ट खडे आणि कापडी पिशवी, किंमत ७० डॉलर. आठ बाय आठ हे काही ठरलेलं माप नाही, जुन्या पापामू लहानमोठ्या असत. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीच्या वृत्तान्तात या खेळाचं वर्णन आहे, आणि तिथल्या पाटीला २३८ घरं आहेत, एका ओळीत चौदा. एवढ्या मोठ्या पाटीवर डाव किती वेळ चालत असेल! पहिला कामेहामेहा राजा कोनानेत तरबेज होता असं सांगतात. मोठ्या बेटावर, म्हणजे हवाई याच नावाच्या बेटावर, पुउहोनुआ ओ होनाउनाउ या राष्ट्रीय उद्यानात दगडात कोरलेली पापामू आहे. तिकडे जाणार असाल तर ती बघायला अवश्य थांबा.

संचाची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे नियमांचा कागद. एका बाजूला संपूर्ण हवाईयन, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, आणि घडी घातली की वर येते ती हवाईयन बाजू. शाळेतून आलेल्या मुलाच्या हातात कागद पडला की ते वरची बाजू वाचायला लागतं, आणि पुढचं बोलणंही मग त्याच भाषेत होतं. आमच्याकडे सासूबाई मुक्कामाला होत्या. त्यांना इंग्रजी बेताचंच येतं, हवाईयनचा तर गंधही नव्हता. नात त्यांच्यासमोर पाटी मांडून बसली आणि काळा तो ‘एलेएले’, पांढरा तो ‘केओकेओ’ असं बजावून सांगायला लागली. आठवड्याभरात सासूबाई खडे हवाईयनमध्ये मोजत होत्या, एकाही, एलुआ, एकोलू. धड्याने हे झालं नसतं. डाव चालू असताना बोलावंच लागतं, आणि बोलायला तेवढेच दहा-बारा शब्द लागतात, तेच पुन्हा पुन्हा येतात.

दोन तक्रारी आहेत. खळगे फार उथळ आहेत. टेबलाला धक्का लागला की खडे घरंगळतात आणि ऐन रंगात आलेला डाव मोडतो. पाटी घेताना खळग्यात बोट फिरवून बघा, खडा नीट बसला पाहिजे. दुसरी, सलग उड्या शक्य असतील तर त्या सगळ्या मारायलाच हव्यात का, हे कागदावर लिहिलेलं नाही. यावरून घरात वाद झाला. शेवटी लेकीने शाळेत कुमूंना विचारलं. इथे शिक्षकांना कुमूच म्हणतात, मी पण आता तसंच म्हणते. त्यांनी सांगितलं की सक्ती नाही, वाटेत थांबता येतं. खेळाची निम्मी मजा त्या थांबण्यात आहे, त्यामुळे ते कागदावर यायला हवंच.

आता पुस्तकं. या बाबतीत माझी मतं जरा कडक आहेत.

एक आहे जाड पुठ्ठ्याचं, समुद्रातल्या प्राण्यांवरून आकडे शिकवणारं. चित्रं झकास, कासव तर पानातून बाहेर येईल असं. पण प्रत्येक पानावर हवाईयन आणि इंग्रजी ओळ सारख्याच आकारात, एकाखाली एक. होनोलुलूत वाढणाऱ्या मुलाला इंग्रजी आधीच सहज वाचता येतं, त्याची नजर थेट खालच्या ओळीवर जाते आणि वरची ओळ शोभेपुरती उरते. लेकीने ते दोनदा चाळलं आणि कपाटात गेलं. ज्यांना दोन्ही भाषा नव्या आहेत अशा लहानग्यांना ते चालेल.

दुसरं पुस्तक मात्र मी दहा जणांना भेट देईन. ती हालोआची कथा आहे. वाकेआ आणि होओहोकुकालानी यांचं पहिलं मूल मृत जन्मतं, त्याला जमिनीत पुरतात आणि तिथून कालोचं, म्हणजे अळूचं, रोप उगवतं. नंतर जन्मलेल्या मुलाला त्याच भावाचं नाव मिळतं, आणि त्याच्यापासून हवाईची माणसं झाली. म्हणून कालो हा माणसाचा थोरला भाऊ. त्याची काळजी घ्यायची, तो आपलं पोट भरतो. चित्रकाराने अळूचं खाचर इतकं नेमकं काढलंय की पाणी पाटातून कुठून शिरतं आणि खालच्या खाचरात कुठून उतरतं ते बोट ठेवून दाखवता येतं. कथा पूर्ण हवाईयनमध्ये आहे, आणि इंग्रजी मजकूर शेवटच्या दोन पानांवर बारीक टायपात. मला अडलं की मी मागे जाते, लेकीला जावं लागत नाही, आणि तिला त्याचा केवढा अभिमान वाटतो! ओकिना (स्वरांमधला झटका दाखवणारं चिन्ह) आणि काहाको (दीर्घ स्वरावरची आडवी रेघ) ही चिन्हं जिथल्या तिथे आहेत, हेही सांगितलं पाहिजे. घाईघाईत छापलेल्या वस्तूंवर ती सर्रास गाळलेली असतात. मी तर आता आधी तेच बघते.

असं पुस्तक दुकानात सहज मिळणं ही फार जुनी गोष्ट नाही. खरं तर इथे छापखाना १८२२ मध्येच हवाईयनमध्ये छापायला लागला होता. १८३४ साली माउईवर लाहाइनालुना इथे या भाषेतलं पहिलं वर्तमानपत्र निघालं आणि पुढे १९४८ पर्यंत शंभराहून जास्त वर्तमानपत्रं येऊन गेली. १८९३ मध्ये राणी लिलिउओकालानीची सत्ता उलथवली गेली, आणि १८९६ च्या कायद्याने शाळांचं माध्यम इंग्रजी झालं. मुलांच्या तोंडून भाषा गेली ती तिथपासून. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला निइहाऊ बेट सोडलं तर हवाईयन बोलणारी मुलं पन्नासही नव्हती. १९७८ मध्ये ती राज्याची अधिकृत भाषा झालेली होती, पण घरात आणि अंगणात बोलणारं कोणी हवं ना. १९८३ मध्ये काही शिक्षकांनी आहा पुनाना लेओ ही संस्था काढली, १९८४ मध्ये काउआई बेटावर केकाहा इथे पहिली बालवाडी उघडली, आणि १९८७ पासून सरकारी शाळांत हवाईयन माध्यमाचे वर्ग सुरू झाले. तेव्हा मुलांना वाचायला पुस्तकंच नव्हती. पालक आणि शिक्षक रात्री बसून इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांत हवाईयन मजकुराच्या पट्ट्या कापून चिकटवत. मूळ हवाईयनमध्ये लिहिलेलं, रंगीत, चांगल्या बांधणीचं पुस्तक हातात घेते तेव्हा मला त्या कात्र्या आणि तो डिंक दिसतो. अशा पुस्तकाला मी महाग म्हणणार नाही.

आईबापांना सोबत शिकायचं असेल तर डुओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅपवर २०१८ पासून हवाईयनचा अभ्यासक्रम आहे. मीही तिथून सुरुवात केली. पहिल्या पायरीला उत्तम, पण गोष्टीचं पुस्तक वाचण्याइतकं तो शिकवत नाही. त्यासाठी पुकुई आणि एल्बर्ट यांचा हवाईयन-इंग्रजी शब्दकोश लागतो. तो पहिल्यांदा १९५७ मध्ये आला, सुधारित आवृत्ती १९८६ ची, आणि ‘वेहेवेहे’ या संकेतस्थळावर तो फुकट बघता येतो. माझ्या फोनवर तो सतत उघडा असतो.

तिसरी वस्तू म्हणजे बांबूच्या ठशांचा संच. वाउके झाडाची आतली साल कुटून कुटून हवाईत कापा नावाचं कापड करत, आणि त्यावर ओहे कापाला म्हणजे बांबूच्या चिरलेल्या पट्ट्यांनी नक्षी छापत. पट्टीच्या एका टोकाला रेघा, त्रिकोण, दातेरी ओळी कोरलेल्या असतात. पट्टी रंगात बुडवायची, दाबायची, सरकवायची, पुन्हा दाबायची. विणलेलं कापड आल्यावर ही कला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ थांबली, आणि १९७० च्या दशकापासून काही जिद्दी माणसांनी ती पुन्हा उभी केली. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात जुने कापा आहेत. ते एकदा पाहिले की आपण काय छापतोय याचा अंदाज येतो. त्या कापडांवरच्या रेघा इतक्या बारीक आणि सरळ आहेत की आपला ठसा लगेच रांगडा वाटायला लागतो. मुलांना मात्र त्यातूनच ईर्ष्या येते.

संचात चार पट्ट्या, रंगाची बाटली आणि सुती कापडाचे तुकडे आहेत. पट्ट्या खऱ्या बांबूच्या, हाताने कोरलेल्या, त्यात खोट काढता येणार नाही. रंग मात्र साध्या दुकानी शाईसारखा निघाला, एका धुण्यात फिका पडला. कापासाठी कुकुई झाडाच्या तेलकट बिया जाळून केलेल्या काजळीचा काळा, नोनीच्या मुळाचा पिवळा, आलाएआ मातीचा लाल असे रंग वापरत. त्यांची नुसती ओळखही सोबतच्या माहितीपत्रात नाही. सगळं इंग्रजीत, तेही चार ओळींत, आणि कोणती नक्षी कशावरून आली याबद्दल एक अवाक्षर नाही. इतक्या चांगल्या पट्ट्या करणाऱ्याने तेवढं लिहायला हवं होतं. आम्ही पट्ट्या ठेवल्या, रंग टाकून दिला आणि कापडावर टिकणारा रंग वेगळा आणला. ४५ डॉलरला हा व्यवहार मला महागात पडला. पट्ट्या सुट्या मिळाल्या तर जरूर घ्या.

कोनाने घेणाऱ्यांसाठी आणखी एक. खडे हरवतात, आमचेही तीन हरवले. ते भरून काढायला किनाऱ्यावरचे दगड किंवा पोवळ्याचे तुकडे उचलू नका. वाळू, दगड आणि मेलेलं पोवळंसुद्धा किनाऱ्यावरून नेणं हवाईच्या कायद्याने मना आहे, आणि इथल्या लोकांना ते मनापासून लागतं. विकणाऱ्याकडे जादा खडे मागा. आमच्या सुताराने मूठभर तसेच दिले, पैसे घेतले नाहीत.