काळ्या सुटाचे पाच महिने, राखाडीचे चार: छातीवर आलेल्या फुग्यांची गोष्ट

मुलाखतीच्या आदल्या रात्री कोट हँगरवरून काढला, दिव्याखाली धरला आणि पोटात गोळा आला. डाव्या छातीवर, खिशाच्या जरा वर, कापडाला फुगे आले होते. पाच-सहा, वाटाण्याएवढे. बोटाने दाबले की बसायचे, बोट उचललं की परत वर. समोरून पाहिलं तर काळा, बऱ्यापैकी देखणा सूट. बाजूने उजेड पडला की भिंतीचा रंग ओल धरून सुटतो ना, तसं कापड.

हा सूट घेऊन तेव्हा पाच महिने झाले होते आणि तो मी मोजून अकरा वेळा घातला होता. मोजून म्हणतो, कारण त्यासाठी मी दीड महिन्याच्या खोलीभाड्याएवढे पैसे मोजले होते, आणि विद्यार्थीदशेत ते साठवायला मला एक अख्खं सत्र लागलं होतं. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितोय. मोठ्या शहरात शिकणाऱ्या कुणाला तरी प्लेसमेंट, परिषद, सादरीकरण असं काही पुढ्यात आहे आणि खिशात मोजके पैसे आहेत, हे मला धरून चालता येतं.

ती मुलाखत मी तोच कोट घालून दिली. रात्री ओलं फडकं ठेवून इस्त्री दाबली, फुगे बसले. सकाळी नीट दिसत होता. दुपारपर्यंत दोन परत वर आले आणि मी पूर्ण वेळ डावा हात छातीशी धरून फाइल सांभाळत बसलो. मुलाखत बरी झाली, पण मनात सारखा तो खिशाच्या वरचा तुकडा होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. ते म्हणाले, ड्रायक्लीनवाल्याची चूक. ड्रायक्लीनवाला म्हणाला, मालच तसा. परत दुकानात गेलो, तर हमी फक्त शिलाईची असते, असं सांगितलं. तिसऱ्या खेपेला पुढच्या खरेदीवर सवलत देऊ केली. ज्या कोटाने पाच महिन्यांत दगा दिला, त्याच्याच शेजारचा कोट घेण्यासाठी सवलत! मी ती घेतली नाही.

मग एका वयस्कर टेलरकाकांकडे गेलो. खरं शिकलो ते तिथे. त्यांनी कोट उलटा केला, बगलेजवळची अस्तराची चारेक इंच शिलाई उसवली आणि आत दोन बोटं घालून छातीचं कापड अलगद बाहेर ओढलं. कोटाच्या वरच्या कापडामागे एक पातळ पांढरट थर होता. त्यावर चिकट टिपक्यांच्या बारीक रांगा, एकसारख्या अंतरावर. काही ठिकाणी टिपके कापडाला घट्ट धरून होते आणि काही ठिकाणी थर नुसता लोंबत होता. जिथे लोंबत होता, बरोबर तिथेच वरून फुगा.

याला फ्यूजिंग म्हणतात. कोटाची छाती उभी राहावी, लॅपल म्हणजे कॉलरखालची दुमडलेली पट्टी लोळू नये, म्हणून आत आधार लागतो. पूर्वीपासूनची पद्धत म्हणजे घोड्याचे केस आणि लोकर किंवा सूत मिळून विणलेला कॅनव्हास, जो टाक्यांनी कापडाला धरून ठेवतात. तो वापरता वापरता अंगाचा आकार घेतो. फ्यूजिंगमध्ये तोच आधार उष्णतेने वितळणाऱ्या डिंकाने चिकटवतात. काम झटपट होतं, म्हणून सूट स्वस्त पडतो. पण जो डिंक उष्णतेने चिकटला, तो उष्णतेनेच सुटतो. वाफ, ओल आणि ड्रायक्लीनची रसायनं त्याला हातभार लावतात.

इथे मला माझं मत बदलावं लागलं. तोवर मी सगळा दोष दुकानाला देत होतो. काकांनी विचारलं, "घरी इस्त्री कशी करतोस रे?" मी सांगितलं, वाफेची इस्त्री, थेट कापडावर, पूर्ण गरम. दर वेळी घालण्याआधी. त्यांनी उजवी बाजू दाखवली. तिकडे एकही फुगा नव्हता. आठवून पाहिलं, तर कोट फळीवर टाकला की डावी छाती समोर यायची आणि मी तिच्यावरच इस्त्री फिरवत राहायचो. शिवाय पाच महिन्यांत तीन वेळा ड्रायक्लीन. काकांच्या मते वर्षातून एक-दोनदा पुरे. एरवी मऊ ब्रश फिरवायचा, रुंद खांद्यांच्या हँगरवर हवेशीर टांगायचा आणि घातल्यावर एक दिवस विश्रांती द्यायची. त्यामुळे आज प्रामाणिकपणे सांगतो, फुग्यांचा निम्मा दोष माझा.

पण निम्माच. कारण त्याच कोटाच्या आतल्या खिशावर सोनेरी अक्षरांत "सुपर १२०" लिहिलं होतं आणि मी तेवढ्यावर भुललो होतो. हा आकडा लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचा असतो. सुपर १०० म्हणजे सरासरी जाडी १८.७५ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), सुपर १२० म्हणजे १७.७५ पर्यंत. आकडा जितका मोठा, तितका तंतू बारीक, कापड मऊ, आणि रोजच्या वापराला नाजूक. माझ्या सुटाच्या दुसऱ्या पट्टीवर, आतल्या शिवणीत, बारीक अक्षरांत पॉलिएस्टर आणि व्हिस्कोस लिहिलेलं होतं. ज्यात लोकर नाही, त्याला हा आकडा लागूच होत नाही. काकांनी पँटच्या शिवणीतला एक धागा काढून मोरीवर काडीने पेटवला. तो आक्रसत वितळला आणि टोकाला काळी कडक गुठळी राहिली. मग त्यांच्याकडच्या लोकरीच्या चिंधीतला धागा पेटवला. केस जळाल्याचा वास आला, ज्योत आपोआप विझली आणि राख बोटांत चुरली. ही परीक्षा दुकानात करता येत नाही, म्हणून तिथे आतली बारीक पट्टी वाचा. सोनेरी पट्टी वाचू नका.

फुग्यांवर इलाज? सुईने आत डिंक सोडून देणारे कारागीर आहेत. काका नको म्हणाले, कारण डिंक वर उमटला तर डाग कायमचा. मी तो कोट तसाच ठेवला.

आता राखाडीविषयी. काकांनीच सुचवलं की तेवढ्या पैशात नवा घेण्यापेक्षा वापरलेला, पण लोकरीचा, आतून कॅनव्हास असलेला शोध. वापरलेले कपडे म्हटल्यावर माझं मन आधी मागे सरलं. मोठ्या शहरात एक फायदा मात्र असतो. लोक आकार बदलला, नोकरी बदलली म्हणून चांगले सूट विकून टाकतात आणि त्यांचे ढीग कुठे ना कुठे लागतातच. मी चार रविवार घालवले. चौथ्या रविवारी गडद राखाडी, बारीक विणीचा, दोन बटणांचा सूट मिळाला. दुरुस्ती धरून काळ्याच्या निम्म्याहून कमी पैसे गेले.

तिथे मी काय बघत होतो ते सांगतो, कारण सगळी गंमत याच्यात आहे. पहिला खांदा. बाकी सगळं शिंपी सुधारू शकतो, पण खांदा उसवला की मुंढा (बाही जोडतात तो घेर), बाही, कॉलर सगळंच हलतं आणि मजुरी कोटाच्या किमतीवर जाते. खांद्याची शिवण आपल्या खांद्याचं हाड संपतं तिथे संपली पाहिजे. कोट घालून भिंतीला बाजूने टेकून उभं राहायचं. दंडाआधी खांद्याचं पॅड भिंतीला लागलं तर तो कोट मोठा आहे, परत टांगायचा. मग छातीची चिमटी: बाहेरचं कापड एका हातात, अस्तर दुसऱ्या हातात धरून अलगद विरुद्ध दिशेला ओढायचं. मध्ये तिसरा, मोकळा थर बोटांना लागला तर कॅनव्हास. बाहेरचं कापडच जाड आणि पुठ्ठ्यासारखं लागलं तर फ्यूजिंग. छातीपाशी कॅनव्हास आणि खाली फ्यूजिंग असा अर्धा प्रकारही असतो, माझा राखाडी तसलाच आहे. तिसरं, कोट उजेडासमोर धरून कसरीची भोकं शोधायची, बगलेचा वास घ्यायचा, आणि पँटचं आसन चकाकतंय का ते बघायचं. चकाकणारं कापड झिजलेलं असतं.

दुरुस्तीत तीन कामं झाली. कोट कमरेत दोन्ही बाजूंनी आत घेतला. बाह्या थोड्या आखूड केल्या. बाहीवरची काजं नुसती दिखाऊ होती म्हणून ते सोपं गेलं, खरी काजं कापलेली असती तर बाही वरून, खांद्यापासून उचलावी लागली असती. आणि पँट कमरेत सैल केली. मागच्या शिवणीत चांगली दोन इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, होती. जुनी शिवण उसवल्यावर टाक्यांच्या भोकांची रेघ स्पष्ट दिसत होती आणि मला धडकी भरली. काकांनी ओलं फडकं ठेवून वाफ दिली, तळहाताने कापड थोपटलं आणि रेघ जवळजवळ नाहीशी झाली. लोकर अशी सावरून घेते. काळ्या पँटची मोहरी (पायाकडचा घेर) वाढवली होती तिथली भोकं अजून तशीच आहेत.

चार महिन्यांत राखाडी सत्तावीस वेळा घातला. पहिल्यांदा जाणवलं ते गर्दीच्या गाडीत. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल पोटात घेते आणि तरी ओली लागत नाही. पॉलिएस्टर जवळपास काहीच शोषत नाही, घाम अंगावरच राहतो. पोहोचेपर्यंत पाठ चिकटलेली नसणं ही मुलाखतीआधी केवढी मोठी गोष्ट आहे, हे काळा सूट घातलेल्यालाच कळेल. सूट रात्रभर टांगून ठेवला की निम्म्या सुरकुत्या जातात, अंघोळीच्या वाफेत टांगला तर बाकीच्याही.

रंगाबाबत एवढंच: पहिला सूट काळा घेऊ नका. गडद राखाडी किंवा गडद निळा घ्या, कोट वेगळ्या पँटवर आणि पँट नुसत्या शर्टावर खपून जाते. बूट, टाय यांवर मी फार खर्च केला नाही आणि कुणाला ते खटकलंही नाही.

वर्षातून दोन-तीनदाच सूट घालणार असाल तर भाड्याने आणा, किंवा फ्यूजिंगचा साधा सूट घ्या आणि त्याला इस्त्रीपासून जपा. चांगलं चिकटवलेलं फ्यूजिंग वर्षानुवर्षं टिकतं, हे काकांनी स्वतःचा कोट दाखवून पटवलं. नव्या कोटाच्या मागच्या चिरेवरचा फुलीचा कच्चा टाका आणि बाहीवर शिवलेली कापडाची पट्टी मात्र घालण्याआधी काढा. माझ्या वर्गातले दोघं तसेच मुलाखतीला गेले.

राखाडीची एकच काळजी आहे. आसनाजवळ, दोन्ही मांड्या घासतात तिथे, कापड पातळ होत चाललंय. गेल्या आठवड्यात काकांनी आतून जुळत्या रंगाचं ठिगळ लावून दिलं. त्यासाठी कापड त्यांनी कोटाच्या आतल्या मायेतूनच काढलं, त्यामुळे रंगात धाग्याचाही फरक नाही.