किट, नवा सिलिंडर की स्लीव्ह? कोकणातल्या जुन्या गाडीचे ड्रम ब्रेक

चार महिने पडवीत उभी असलेली जुनी पद्मिनी गणपतीच्या तोंडावर बाहेर काढली, की ब्रेक मारताच एका अंगाला ओढते, नाहीतर टायरच्या आतल्या बाजूला ओल दिसते. बहुतेक वेळा दोष व्हील सिलिंडरचा, म्हणजे ऑइलच्या दाबाने ब्रेकचे शू (लायनर लावलेल्या कमानी) ड्रमवर दाबणाऱ्या चाकातल्या छोट्या सिलिंडरचा असतो. पण खर्च करण्याआधी बाकीच्या शक्यता बाजूला काढा. पेडल पहिल्या दाबाला खोल जाऊन दुसऱ्याला वर येत असेल, तर शू ड्रमपासून लांब गेलेत, ॲडजस्ट करा. स्पंजासारखं लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. पाय दाबून धरल्यावर सावकाश खाली जातं आणि ओल कुठेच नाही, तर मास्टर सिलिंडर (पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) बघा. मागच्या चाकाची ओल काळपट आणि उग्र वासाची असेल, तर ते ॲक्सलच्या सीलमधून आलेलं गिअर ऑइल.

ड्रम काढून सिलिंडरचा रबरी बूट उचला. आत थेंब साचले असतील तर सिलिंडर उघडायचा. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा ओढून घेतं आणि बहुतेक वेळा खालच्या बाजूलाच बिडाला गंज खड्डे पाडतो. म्हणून बोअर (सिलिंडरचं आतलं गोल भोक) पुसून, टॉर्च धरून खालच्या बाजूवर नख फिरवा. काय करायचं ते इथेच ठरतं.

नख कुठे अडकलं नाही तर किट (आतल्या रबरी भागांचा नवा संच) पुरे. सगळ्यात स्वस्त, आणि अर्ध्या दिवसाचं काम. ६०० नंबरचा पॉलिश पेपर ब्रेक ऑइलमध्ये भिजवून गोल फिरवा. लांबीत घासू नका, कारण त्या उभ्या ओरखड्यांतून ऑइल बकेटच्या (आतल्या रबरी वाटीच्या) पलीकडे सरकतं. धुवायला पेट्रोल किंवा रॉकेल वापरलं तर बकेट फुगून सिलिंडर जाम होतो. स्पिरिट वापरा. नख अडकत असेल तरीही किटच टाकायचं, हा मोह किनाऱ्यावर सर्रास होतो. गाडी दोन-तीन महिने नीट चालते आणि खड्ड्यांवर घासून बकेटची कड कातरली की पुन्हा गळते.

खड्डे असतील तर नवा सिलिंडर हा सरळ मार्ग. मात्र जुन्या गाडीचा ‘नवा’ माल दुकानाच्या फळीवर वर्षानुवर्षं पडलेला असू शकतो. बसवण्याआधी उघडा, आत गंज नाही ना बघा आणि बकेट बदला. बोअर व्हर्नियरने मोजून जुन्याशी ताडा. एका बाजूला माप वेगळं पडलं तर गाडी ओढणारच.

जुळणारा सिलिंडर मिळत नसेल किंवा मूळ भाग राखायचा असेल, तेव्हा स्लीव्ह, म्हणजे आत बसवायची पातळ नळी. लेथवर बोअर मोठा करून पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवतात आणि आतून मूळ मापाला आणतात. असं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात विचारावं. जॉब हातात आला की दोन गोष्टी तपासा: ऑइल येण्याचं आणि ब्लीडर निपलचं (हवा काढायच्या तोटीचं) भोक स्लीव्हमधूनही आरपार हवं, आणि त्याच्या कडेला बर (भोक पाडताना राहिलेली धातूची धारदार कोर) नको, बर बकेट कापते. खर्च आणि वाट पाहणं दोन्ही जास्त, पण किनाऱ्यावर गाडी कायमची ठेवणार असाल तर आमचं मत स्लीव्हच्या बाजूने. स्टेनलेसला खाऱ्या हवेत असे खड्डे सहसा पडत नाहीत.

कुठलाही पर्याय घ्या, काम एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांना करा. ऑइल प्यायलेले लायनर तापवून वाळवू नका, बदला. ऑइलही पूर्ण नवं भरा: डॉट ३ कोरडं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच किमान मर्यादा १४० वर येते. मग आंबा घाट उतरताना लाइनमध्ये वाफ होऊन पेडल तळाला जाऊ शकतं. हवा काढायला मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. निपल गंजलेला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, जोर लावलात तर तो आतच तुटतो. पुढच्या पावसाळ्यात गाडी उभी करताना हँडब्रेक ओढू नका, शू ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकाला दगडाची उटी लावा.