फिटच्या क्लिनिकात मनाची चौकशी

अकरा वर्षं फिटसाठी डॉक्टर करतोय. दर वेळी प्रश्न एकच, "महिन्यात किती आल्या?" या एपिलेप्सी (फिटचा आजार) क्लिनिकात आधी सहा प्रश्नांचा कागद हातात ठेवला. गेल्या 2 आठवड्यांत कशात मन रमलं का, अपराधी वाटलं का, असं काहीबाही. मी पेन फिरवत बसलो, बायकोनं आधीच मान हलवली.

मग डॉक्टरबाईंनी मेंदूचा एमआरआय पडद्यावर लावला. डावा हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींचा भाग) उजव्याहून बारीक, फ्लेअरच्या, म्हणजे एमआरआयच्याच एका प्रकारच्या, चित्रात पांढुरका. स्मृती आणि भावनांचं जाळं इथूनच जातं, शेजारी अमिग्डाला, भीती-भावनांचा भाग. टेम्पोरल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या कानशिलाकडच्या भागाच्या, एपिलेप्सीत नैराश्य, चिंता बऱ्याच जणांत आढळते म्हणाल्या. मात्र नुसत्या फोटोवरून नैराश्य ओळखता येत नाही, हेही बजावलं. माझी चिडचिड लेव्हेटिरासिटाम या फिटच्या गोळीची असू शकते म्हणून ती गोळी हळूहळू कमी करत दुसरी सुरू केली. (मी तो माझा स्वभावच समजत होतो!)

तक्रारी आहेतच. अडीच तास ताटकळलो, मानसोपचारतज्ज्ञ फक्त गुरुवारी, आणि फोन कुणी उचलत नाही. तरी पुढची तारीख घेतलीय, गुरुवारचीच.