डोळ्यातल्या तिळाची नीट झालेली तपासणी : राजारामपुरीतील नेत्र दवाखान्याचा अनुभव

माझ्या मुलीच्या डाव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, बुब्बुळाच्या कडेपासून किंचित नाकाच्या बाजूला, अगदी लहानपणापासून एक फिकट तपकिरी ठिपका आहे. ती आता 13 वर्षांची आहे आणि गेल्या वर्षभरात तो ठिपका गडद दिसू लागल्यामुळे आमच्या घरात काळजीचे वातावरण होते. कोणी मध घालायला सांगितले, कोणी गुलाबपाणी, तर चष्म्याच्या एका दुकानात ‘लेसरने चुटकीसरशी जाईल’ असे ऐकवण्यात आले. यांपैकी काहीही न करता आम्ही कोल्हापूरच्या राजारामपुरीतील या दवाखान्यात आलो, हे फार बरे झाले.

डॉक्टरांनी ठिपका पाहून लगेच ‘काही नाही’ असे म्हटले नाही, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तो पहिल्यांदा कधी दिसला, वाढला की फक्त गडद झाला, डोळ्याला कधी मार लागला होता का, घरात कोणाला त्वचेचा किंवा डोळ्याचा कर्करोग झाला आहे का, हे सारे त्यांनी विचारून लिहून घेतले. मग डोळा बधिर करणारा थेंब घालून त्यांनी कापसाच्या काडीने पांढऱ्या भागावरचा पारदर्शक पापुद्रा अलगद सरकवला, तेव्हा ठिपकाही त्याच्याबरोबर सरकला. याचा अर्थ रंग वरच्या पापुद्र्यात आहे, खालच्या जाड पांढऱ्या थरात नाही. स्लिट लॅम्पखालचे, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दिव्याच्या यंत्राखालचे, चित्र त्यांनी मला पडद्यावर दाखवले : तपकिरी रंगात साबुदाण्याच्या शिजलेल्या दाण्यांसारखे स्वच्छ, पारदर्शक असे चार-पाच बारीक फुगे होते. असे फुगे साध्या तिळात, म्हणजे नीव्हसमध्ये, बऱ्याचदा आढळतात आणि ते दिलासा देणारे लक्षण मानले जाते, असे त्यांनी सांगितले. वयात येताना असा तीळ गडद होऊ शकतो आणि त्याचे कर्करोगात रूपांतर होण्याचे प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी आहे, हेही कळले.

सोबत आलेल्या माझ्या सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत बुब्बुळाभोवती मातकट तपकिरी छटा आहे. डॉक्टरांनी त्यांनाही आपणहून तपासले. सावळ्या वर्णाच्या माणसांत दोन्ही डोळ्यांना असा सपाट रंग सर्रास आढळतो आणि त्याला उपचार लागत नाही. मात्र मध्यम वयात एकाच डोळ्यात असा सपाट, ठिगळासारखा रंग नव्याने येऊन पसरू लागला, तर तुकडा काढून तपासावा लागतो. पापुद्र्याबरोबर न सरकणारा, राखाडी-निळसर डाग असेल, तर रंग खालच्या थरात असतो, आणि अशा रुग्णाला काचबिंदूचा धोका असल्यामुळे डोळ्याचा दाब आणि पडदा दरवर्षी तपासावा लागतो. एकाच रंगाच्या डागांमागे इतक्या वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात, हे आम्हाला आजवर कोणीही समजावले नव्हते.

शस्त्रक्रियेचा आग्रह झाला नाही. ठिपक्याचा फोटो काढून, मिलिमीटरमध्ये माप घेऊन सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले आणि मधल्या काळात डाग उंच झाला, पसरला, त्यातून रक्त आले किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या जाड लाल रक्तवाहिन्या दिसल्या, तर न थांबता यावे, असे कागदावर लिहून दिले. दुसऱ्या भेटीत जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवून त्यांनी आम्हाला दाखवले. माप तेच भरले. फोटोची प्रत मागितल्यावर लगेच दिली, ती मी मुलीच्या फाईलमध्ये जपून ठेवली आहे.

दोन त्रुटी मात्र नोंदवायला हव्यात. वेळ ठरवूनही आम्हाला पावणेदोन तास बसावे लागले. शिवाय बाहुली मोठी करणारे थेंब घालणार, हे नाव नोंदवताना सांगितले नव्हते. त्यामुळे मुलीला काही तास जवळचे धूसर दिसत राहिले आणि दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेचा अभ्यास तिला मी वाचून दाखवून करून घ्यावा लागला. फोन घेणाऱ्या ताईंनी एवढे एक वाक्य आधी सांगावे. कागल, गडहिंग्लजकडून येणाऱ्यांनी स्वतः गाडी न चालवता कोणाला तरी सोबत आणावे आणि उन्हाचा चष्मा जवळ ठेवावा.