वाढणारं जेवणाचं टेबल, नऊ महिन्यांनंतर : मधली फळी एसीच्या खोलीत ठेवू नका

गौरीजेवणाच्या दिवशी दुपारी साडेबाराला, पुरणपोळ्या डब्यात गरम असताना, आमच्या टेबलाची मधली फळी बसेना. टेबलाची दोन अर्धी ओढून मध्ये ही फळी घालायची, तिच्या पिना अर्ध्यांच्या कडेच्या भोकांत बसतात. खिडकीकडची पिन भोकात गेली, भिंतीकडची जवळजवळ दोन सूत, म्हणजे पाव इंच, बाजूला राहिली. नवरा आणि दीर दोन्हीकडून रेटत होते, मी वरून मुठीने ठोकत होते. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं, सवाष्णी खोळंबल्यात." चौघी टेबलावर बसल्या, बाकीच्यांनी खाली पाटावर ताटं घेतली. ज्या दिवसासाठी एवढा खर्च केला, नेमकं त्याच दिवशी टेबल वाढलं नाही. मला ते फार लागलं.

टेबल मार्चमध्ये झालं. बंद असताना 48 इंचांचं गोल, मध्ये एकच खांब, त्याला खाली चार पसरलेले पाय. 18 इंचांची फळी घातली की 66 इंच लांब. घोडबंदर रोडवरच्या आमच्या हॉलमध्ये मोठं टेबल कायम मांडून ठेवायला जागा नाही, आणि मधल्या खांबामुळे कुणाच्या गुडघ्यात पाय येत नाही. लाकूड जुन्या दारांचा साग, वखारीतून आणलेला. मजुरी, पॉलिश धरून 41,500 रुपये झाले.

त्यातले 1,450 रुपये निव्वळ पाण्यात गेले. हार्डवेअरच्या दुकानात "टेबलालाही हेच लावतात" म्हणून ड्रॉवरचे टेलिस्कोपिक चॅनेल, म्हणजे एकातून एक सरकणाऱ्या धातूच्या पट्ट्या, दिले. हे चॅनेल कडेवर उभे लावले तरच पूर्ण वजन पेलतात. टेबलाखाली ते आडवे पडतात आणि वाकतात. मे महिन्यात टेबल उघडलं की दोन्ही अर्धी बाहेरून खाली झुकायची, ठेवलेलं लिंबू घरंगळत जायचं. दुकानदार म्हणाला, बसवलेला माल परत घेत नाही. तो राग अजून गेलेला नाही. मिस्त्रींनी मग सागाच्याच खाचेत सरकणाऱ्या पट्ट्या केल्या आणि त्यांवर मेणबत्ती घासली. तेव्हापासून सरकण्याची तक्रार नाही.

तक्रार आहे ती पिनांची. गणपती झाल्यावर मी हा अनुभव लिहायला घेतला तेव्हा सगळा दोष मिस्त्रींच्या मापाला दिला होता. तेवढा मजकूर खोडला, कारण ते बघायला आले आणि हत्यारांची पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यांनी विचारलं, "ताई, फळी ठेवता कुठे?"

फळी बेडरूममध्ये होती, कपाटाच्या मागे. त्या खोलीत उन्हाळाभर रात्री एसी आणि पावसाळ्यातही बहुतेक रात्री. टेबल हॉलमध्ये, गॅलरीचं दार दिवसभर उघडं. जुलै-ऑगस्टच्या ओल्या हवेत टेबलाची दोन्ही अर्धी फुगली, फळी मात्र कोरड्या खोलीत होती तेवढीच राहिली. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, रेषांना आडवं वाढतं. 48 इंचांवर अर्धा टक्का फरक पडला तरी पाव इंच, म्हणजे दोन सूत झालेच.

इथे माझ्या हट्टाचाही भाग आहे. मिस्त्री म्हणत होते, लाकडाच्या रेषा सांध्याला समांतर घेऊ. तशा घेतल्या असत्या तर फळीची 18 इंचांची रुंदी थोडी कमीजास्त झाली असती, पिना जागच्या जागी राहिल्या असत्या. मला रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग हव्या होत्या. दिसतंही सुंदर, फळी घातल्यावर एका फळीतली गाठ तिन्ही भागांतून ओढल्यासारखी दिसते. पण मग 48 इंचांची बाजूच फुगणारी झाली.

त्यांनी मधली पिन घट्ट ठेवली आणि टोकाच्या पिनांची भोकं पटाशीने दोन्हीकडे सूतभर लांबट केली. फळीच्या खालच्या बाजूला पॉलिश नव्हतं, तेही मारलं, कारण एकच बाजू बंद असली की फळी वाटीसारखी वाकते. दीड तास काम केलं, पैसे घेतले नाहीत. मी बळेच 500 रुपये दिले.

फळी आता हॉलमध्ये सोफ्यामागे, जुन्या चादरीत गुंडाळून उभी असते. दसऱ्याला बसली, दिवाळीत तीनदा बसली. टोकाला भार मात्र टाकू देत नाही. खालचे पाय 32 इंचच पसरलेत, म्हणजे उघडल्यावर दोन्हीकडे 17 इंच अधांतरी. पुतण्या कोपरं टेकून उठायला गेला तेव्हा समोरचं टोक उचललं आणि आमटीची वाटी सांडली. जड माणसं आम्ही मधे बसवतो.

आता डिसेंबरात हवा कोरडी झाल्यावर सांध्यात पोस्टकार्ड जाईल एवढी फट दिसते. मिस्त्री म्हणाले, जूनपर्यंत हात लावू नका.